कामगार नुकसानभरपाईचा विमा : पॉलिसी घेताना आणि अपघात झाल्यावर मालकाने काय करावे

लघुउद्योजक, बांधकाम ठेकेदार किंवा गोदाममालक यांचा पहिला प्रश्न बहुधा "हा विमा सक्तीचा आहे का?" असा असतो. त्याऐवजी "उद्या माझ्याकडे अपघात झाला तर कायद्याने मला किती रक्कम भरावी लागेल आणि ती कोण भरेल?" असा प्रश्न विचारला, तर विम्याचे काम आपोआप स्पष्ट होते. 1 जुलै 1924 पासून लागू झालेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने सर्व मालकांवर पॉलिसी घेण्याची सरसकट सक्ती केली नव्हती. कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघातात कर्मचाऱ्याला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला, तर भरपाई मालकाने द्यावी, एवढी जबाबदारी त्याने ठरवून दिली होती. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. यंत्र नवे होते, सुपरवायझर शेजारीच उभा होता, सुरक्षेचा फलक भिंतीवर लावलेला होता, यांपैकी कशानेही मूळ जबाबदारी टळत नाही. पॉलिसी असो वा नसो, रक्कम देणे लागतेच. पॉलिसी नसेल तर ती मालकाच्या खिशातून जाते.

2010 मध्ये या कायद्याच्या नावात 'कामगार' ऐवजी 'कर्मचारी' हा शब्द आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि या कायद्याची जागा त्या संहितेतील कर्मचारी नुकसानभरपाईच्या प्रकरणाने घेतली. सांगाडा बराचसा जुनाच राहिला आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या अपघातांचे हक्क आणि दायित्वे जुन्या कायद्यानेच पाहिली जातात. त्यामुळे एखादा दावा अंगावर आला, तर प्रथम अपघाताची तारीख पाहावी.

आधी माणसांची विभागणी

विमा एजंटाला बोलावण्यापूर्वी हजेरीपट आणि पगारपत्रक समोर घेऊन आपल्या माणसांच्या दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या ईएसआयमध्ये, मोडणारे लोक घ्यावेत आणि दुसऱ्या यादीत बाकीचे सर्व. ही विभागणी न करता घेतलेली पॉलिसी एक तर अनावश्यक महाग पडते किंवा नेमक्या प्रसंगी अपुरी ठरते.

हंगामी कारखाने वगळता दहा किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना संहितेनुसार ईएसआय लागू होते, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या धोकादायक कामांत एक माणूस असला तरी ते लागू करता येते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या मालकालाही कर्मचाऱ्यांच्या बहुमताच्या संमतीने स्वेच्छेने योजनेत येण्याची सोय आहे. वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून महिना 21,000 रुपये आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी 25,000 रुपये ठरलेली आहे. 1 जुलै 2019 पासून मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के असून ही रक्कम पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. या योजनेत नोंदलेल्या कर्मचाऱ्याला कामावर अपघात झाला, तर उपचार, अपंगत्वाचा लाभ आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांचे मासिक निवृत्तिवेतन ही योजना चालवणारे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. त्याच अपघातासाठी त्याला मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली पुन्हा रक्कम मागता येत नाही. माझ्या मते, जिथे ईएसआय लागू आहे तिथे ते प्रामाणिकपणे भरणे हा लहान मालकासाठी सर्वांत स्वस्त विमा आहे.

खरी फट दुसऱ्या यादीत असते. चाळीस माणसांच्या कारखान्यात तीस ऑपरेटर आणि हेल्पर ईएसआयमध्ये असतात. पण फोरमन, टूलरूममधला जुना फिटर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आणि एखादा ड्रायव्हर यांचे वेतन 21,000 च्या पुढे गेलेले असते. ही अनुभवी माणसे यंत्राच्या आणि विजेच्या अगदी जवळ काम करतात आणि तीच ईएसआयच्या बाहेर असतात. शिवाय पगारवाढ होताच माणूस लगेच बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे अंशदानाचे, म्हणजे वरचे दोन्ही वाटे भरण्याचे, दोन कालखंड असतात. मध्येच वेतन मर्यादेबाहेर गेले, तरी त्या कालखंडाच्या शेवटपर्यंत अंशदान कापावे लागते आणि संरक्षणही चालू राहते. म्हणजे जुलैमध्ये ज्याचा पगार 22,500 झाला, तो 30 सप्टेंबरपर्यंत ईएसआयमध्ये असतो आणि 1 ऑक्टोबरच्या सकाळपासून नसतो. म्हणून 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर या दोन तारखांना याद्या पुन्हा तपासून नव्याने बाहेर पडलेली नावे विमा कंपनीला कळवण्याची पद्धत ठेवावी.

नव्या संहितांमध्ये 'वेतन' या संज्ञेची व्याख्याही बदलली आहे. घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. भत्त्यांची फोड करून मूळ वेतन कमी दाखवण्याची सवय असलेल्यांनी ईएसआयची यादी आणि भरपाईचा हिशेब दोन्ही या व्याख्येने नव्याने मांडून पाहावेत.

नोंदणीची वेळही महत्त्वाची आहे. माणूस कामावर रुजू होतो त्याच दिवशी त्याचा विमा क्रमांक काढावा. "आधी महिनाभर टिकतो का बघू, मग नाव टाकू" ही पद्धत सर्रास दिसते. मालकाने नोंदणी टाळली किंवा अंशदान भरले नाही म्हणून कर्मचाऱ्याचा हक्क बुडत असेल, तर महामंडळ त्याला लाभ देऊन त्याचे भांडवली मूल्य, म्हणजे पुढे द्यायच्या सर्व लाभांची एकरकमी किंमत, मालकाकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम वाचवलेल्या अंशदानाच्या कित्येक पट असते.

जबाबदारीचा आकडा कसा काढावा

दुसऱ्या यादीतील माणसांसाठी आपली संभाव्य जबाबदारी किती, हे मालकाने स्वतः एकदा कागदावर मांडावे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या घटकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला त्याच घटकाने गुणायचे. घटक कायद्याच्या अनुसूचीत दिलेले आहेत : विसाव्या वर्षी 224.00, तिसाव्या वर्षी 207.98, चाळिसाव्या वर्षी 184.17, पन्नासाव्या वर्षी 153.09. हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाला कमाल मर्यादा असते. 2010 पासून ती 8,000 रुपये होती आणि 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने ती 15,000 रुपये झाली. ही मर्यादा सरकार अधिसूचनेने बदलत असल्यामुळे दर नूतनीकरणाच्या वेळी लागू असलेला आकडा पाहून घ्यावा.

समजा तीस वर्षांच्या फिटरला महिना 24,000 रुपये मिळतात. हिशेबात 15,000 धरले, तर मृत्यूची भरपाई 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये होते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 9,000 गुणिले 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. मृत्यूपेक्षा अपंगत्वाची रक्कम मोठी, हे पाहून अनेक मालक चकित होतात. पण कमाई थांबलेल्या त्या माणसाचा स्वतःचा खर्चही चालूच राहतो, हे लक्षात घेतले की त्यात विचित्र काही उरत नाही. अंशतः कायमचे अपंगत्व असेल, तर अनुसूचीत अवयवानुसार टक्केवारी दिलेली आहे. अंगठा गमावल्यास पूर्ण अपंगत्वाच्या रकमेच्या 30 टक्के धरतात. पॉवर प्रेसवर अंगठा गेलेल्या याच फिटरची भरपाई त्यामुळे 5,61,546 रुपये होईल. तात्पुरते अपंगत्व असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के द्यावे लागतात. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पण अपंगत्व 28 दिवस किंवा अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून मिळतात. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय वेगळा द्यावा लागतो.

अनुसूचीतील टक्केवारी मात्र शेवटचा शब्द मानू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात निर्णय दिला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूची पाहिली तर ते अंशतः अपंगत्व होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्व मानले गेले. आपल्याकडील माणसाचे काम नेमके कोणत्या अवयवावर चालते, हे ध्यानात ठेवूनच जोखमीचा अंदाज बांधावा.

याच निर्णयाने आणखी एक गोष्ट पक्की केली : भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकालाच्या दिवशी नव्हे. महिन्याभरात ती दिली नाही, तर व्याज सुरू होते. 1923 च्या कायद्यात हा दर 12 टक्के सरळ व्याज असा होता आणि समर्थनीय कारण नसताना विलंब केल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंडही लावता येत होता. वरच्या उदाहरणातील मृत्यूच्या भरपाईवर 12 टक्क्यांनी वर्षाला 1,87,182 रुपये व्याज होते. प्रकरण चार वर्षे रेंगाळले, तर नुसते व्याजच साडेसात लाखांच्या घरात जाते.

पॉलिसी वाचताना

सर्वसाधारण विमा कंपन्या 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन' या नावाने ही पॉलिसी देतात. जुने लोक तिला अजूनही 'वर्कमेन पॉलिसी' म्हणतात. तिचा हप्ता मुख्यतः कामाचे स्वरूप आणि जाहीर केलेले एकूण वेतन यांवर ठरतो. नावनिशी यादी बहुधा लागत नाही. कामाचा वर्ग, त्या वर्गातील माणसांची संख्या आणि त्यांचे वार्षिक वेतन कळवावे लागते. इथेच हप्ता वाचवण्याचा मोह होतो. वीस माणसे असताना बारा दाखवली जातात, किंवा उंचीवर काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला 'हेल्पर' म्हणून नोंदवले जाते. अपघातानंतर विमा कंपनी हजेरीपट, वेतनपत्रक आणि बँकेचे उतारे मागवते. त्या वेळी ही तफावत दिसली की दावा कमी होतो किंवा नाकारला जातो. वर्षभरात माणसे वाढली तर त्याच आठवड्यात लेखी कळवून वाढीव हप्ता भरावा आणि कंपनीचे पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीतील बदलाची लेखी नोंद, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचा भाग संपूर्ण वाचल्याशिवाय धनादेश देऊ नये. उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत जादा हप्त्याने आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतो. व्यवसायजन्य रोगांचे संरक्षणही अनेकदा वेगळे मागावे लागते. दगडखाण, फाउंड्री किंवा सँडब्लास्टिंगच्या कामात सिलिकोसिससारखा धुळीचा रोग कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे अशा मालकांनी ते घेतलेच पाहिजे. ठेकेदाराची माणसेही आपोआप समाविष्ट होत नाहीत. दंडाची रक्कम विमा कंपनीवर टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये स्पष्ट केले. व्याजाची जबाबदारी करारात वगळलेली असेल, तर ती कंपनीवर लादता येत नाही, असेही 2006 मध्ये ठरले. त्यामुळे व्याजाविषयीचे कलम शोधून वाचावे आणि शक्य असेल तर ते समाविष्ट करून घ्यावे.

कामाच्या जागेचा पत्ताही पाहावा. भोसरीच्या शेडचा पत्ता पॉलिसीत असेल आणि माणूस चाकणला ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवताना पडला, तर वाद उभा राहण्यास तेवढे पुरेसे असते. बाहेर माणसे पाठवणाऱ्या मालकांनी 'भारतात कुठेही' अशा शब्दांचे संरक्षण घ्यावे.

घरून कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा मुद्दा आता टाळता येणार नाही. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. भरपाई आयुक्तांनी, म्हणजे असे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, रक्कम मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. प्रवासाची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर असा अपघात कामाच्या ओघातीलच मानावा, असे न्यायालयाने म्हटले. संहितेत तर ही तरतूद थेट लिहिलेली आहे. रात्रपाळी चालवणाऱ्या प्रत्येक मालकाने पॉलिसीत याविषयी काय लिहिले आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

समूह वैयक्तिक अपघात विमा आणि समूह आरोग्य विमा हे या पॉलिसीचे पर्याय नाहीत. त्यांत ठरलेली रक्कम किंवा रुग्णालयाचे बिल मिळते. मालकाची कायदेशीर जबाबदारी त्यांनी फिटत नाही. दोन्ही घेणाऱ्या मालकाचे कौतुकच आहे, पण केवळ अपघात विमा घेऊन निश्चिंत झालेला मालक आयुक्तांपुढे रिकाम्या हाताने उभा राहतो. मालवाहू वाहने असतील, तर वाहनाच्या पॉलिसीत चालकाबरोबर क्लीनरचाही समावेश आहे का, हे वेगळे तपासावे.

ठेकेदाराची माणसे

आपल्या व्यवसायाचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तरी ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या मालकावर, येते. कामगार थेट मुख्य नियोक्त्याकडे मागणी करू शकतो. मुख्य नियोक्त्याने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची असते. लेबर पुरवणारा मुकादम हंगाम संपला की सापडत नाही, त्यामुळे वसुलीचा हा हक्क बहुधा कागदावरच राहतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच ठेकेदाराकडून ईएसआय कोड आणि मागील महिन्याचे चलन घ्यावे, किंवा त्याच्या पॉलिसीची प्रत घेऊन त्यातील मुदत, माणसांची संख्या, कामाचा प्रकार आणि कामाची जागा पडताळावी. प्रत विमा कंपनीकडून ईमेलने खातरजमा करून घेतली तर उत्तम, कारण बनावट किंवा मुदत संपलेल्या प्रती फिरत असतात. बिल देताना दर महिन्याला चलनातील नावे गेटवरच्या नोंदवहीशी ताडून पाहण्याची अट करारातच घालावी. इमारतीचे रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग करून घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनीही परांची बांधू देण्यापूर्वी हीच कागदपत्रे मागावीत. अशी कायदेशीर जबाबदारी संस्थेवर येते की नाही हा वाद वकिलांवर सोपवण्यापेक्षा ते सोपे आहे.

अपघात झाल्यावर

सर्वप्रथम उपचार, हे सांगण्याची गरज नसावी. त्यानंतर ईएसआयमधील कर्मचारी असेल तर अपघाताचा अहवाल महामंडळाच्या पोर्टलवर तत्काळ भरावा. ईएसआयबाहेरील असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेलने सूचना द्यावी. फोनवर एजंटाला सांगितले म्हणजे सूचना दिली, असे होत नाही. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास आयुक्तांना सात दिवसांत अहवाल पाठवावा लागतो, आणि कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवावे लागते. हजेरीपट, त्या दिवशीच्या पाळीची नोंद, वेतनपत्रक, वयाचा पुरावा, साक्षीदारांचे जबाब, यंत्राची छायाचित्रे आणि रुग्णालयाची कागदपत्रे त्याच दिवशी एकत्र करून ठेवावीत. नोंदी मागाहून दुरुस्त करू नयेत, कारण खाडाखोड केलेला हजेरीपट मूळ अपघातापेक्षा जास्त नुकसान करतो.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो त्या बाबीकडे वळू. मृत्यूनंतर गावाकडून आलेल्या नातेवाइकांना दोन-तीन लाख रुपये द्यायचे, शंभर रुपयांच्या किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर "आमची काही तक्रार नाही" असे लिहून घ्यायचे आणि प्रकरण मिटले असे समजायचे, ही रीत अनेक औद्योगिक वसाहतींत रूढ आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला जवळपास किंमत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. अवलंबितांच्या हाती थेट दिलेली रक्कम भरपाई दिली असे मानली जात नाही, अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा. हक्क सोडून देणारा करारही निरर्थक ठरतो. यामागे साधा हिशेब आहे : शोकात असलेल्या कुटुंबाकडून सही घेणे सोपे असते, आणि विधवा, अज्ञान मुले व वृद्ध आईवडील यांच्यात रकमेची वाटणी कशी व्हावी हे मालकाने किंवा दिराने ठरवू नये. जो मालक असे पैसे वाटतो त्याला पुढे पूर्ण भरपाई व्याजासह पुन्हा भरावी लागू शकते, आणि विमा कंपनीही तिच्या संमतीविना दिलेली रक्कम परत करत नाही. जखमी कर्मचाऱ्याशी रकमेबाबत समझोता झाला, तर त्या कराराची आयुक्तांकडे नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात आयुक्तांचे काम नेमलेले न्यायिक अधिकारी पाहतात. आपल्या भागासाठी कोणते न्यायालय आहे हे आधीच विचारून ठेवावे.

"त्याने हेल्मेट घातले नव्हते" किंवा "तो प्यायला होता" हा बचाव मालकांना फार भरवशाचा वाटतो. दारूचा अंमल, सुरक्षेच्या आदेशाचे हेतुतः उल्लंघन किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढणे ही कारणे कायद्यात आहेत खरी, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ती चालत नाहीत. किरकोळ इजेत ती मांडायची असतील, तरी आदेश दिल्याचा आणि साधने पुरवल्याचा लेखी पुरावा लागतो.

जबाबदारीबद्दल वाद असला, तरी जेवढी रक्कम आपल्याला मान्य आहे तेवढी लगेच जमा करावी. कायद्याचीच तशी अपेक्षा आहे आणि जमा केलेल्या रकमेवर व्याज वाढत नाही. विमा कंपनी उत्तर देण्यास वेळ लावत असेल, तर तिला आयुक्तांपुढील प्रकरणात पक्षकार करून घ्यावे आणि पॉलिसीची मूळ प्रत व हप्त्याची पावती पहिल्याच तारखेला हजर करावी. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते, पण ते महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावरच, आणि भरपाईच्या आदेशाविरुद्ध मालकाचे अपील रक्कम जमा केल्याच्या आयुक्तांच्या प्रमाणपत्राशिवाय दाखल होत नाही.

नोकरीवर घेतानाच कर्मचाऱ्याला भरपाईच्या हक्कांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी, असे बंधन 2017 च्या दुरुस्तीने आले आणि त्यासाठी 50,000 ते 1,00,000 रुपये दंड ठेवला गेला. संहितेतही माहिती देण्याचे हे कर्तव्य कायम आहे. मराठी न समजणाऱ्या कामगारासाठी हा कागद हिंदीत असावा आणि त्याची पोच नियुक्तिपत्रासोबत फाइलमध्ये ठेवावी.